शॉकर बसवील त्याची गाडी

फोरमनच्या जिभेला आधीच हाड नव्हतं, आणि गेल्या दोन वर्षांत डोळ्यांची नजरही गेली. नजर गेली की माणूस मवाळ होतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी फोरमन पाहिलेला नसणार. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं त्यांनी माणसं राबवली, आणि निवृत्त झाल्यावर राबवायला घरचीच तेवढी उरली. थोरला मुलगा शहाणा, लग्न झाल्याबरोबर बदली मागून दुसऱ्या गावी पळाला. राहिली बायको, धाकटा आणि धाकट्याची बायको. फोरमनची बायको चाळीस वर्षांत पुरती मुरलेली, तिला टोचलं तरी लागत नसे. धाकटा जन्मापासूनच खाली मान घालून जेवणारा. म्हणजे छळायला म्हणावं असं ताजं माणूस घरात एकच, सून.

फोरमनची गाडी पांढरी, चौदा वर्षांची, मागे स्वतंत्र डिकी असलेली. त्या गाडीबद्दल घरात एक कायदा होता: परक्या मिस्त्रीचा हात तिला लागायचा नाही. ऑइल बदलायचं तर फोरमन बदलणार, प्लग काढायचा तर फोरमन काढणार. डोळे होते तोवर हे ठीक होतं. डोळे गेले, हात कापायला लागले, तरी कायदा तसाच. आणि नेमके तेव्हाच डिकीचे शॉकर मेले.

शॉकर म्हणजे डिकीचं झाकण वर धरून ठेवणाऱ्या, आत गॅस भरलेल्या दोन नळ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. गॅस निघून गेला की झाकण वर राहत नाही. कुठल्याही गॅरेजमध्ये पंधरा मिनिटांचं काम, गाडीवाला उभ्या उभ्या चहा पिऊन होईस्तोवर झालेलं असतं. पण कायदा! सहा महिने त्या घराने झाडूच्या दांड्याचा टेकू लावून डिकी वापरली. एकदा दांडा सटकला आणि झाकण सासूबाईंच्या डोक्यात बसलं. चार टाके पडले. फोरमन म्हणाले, "डोकं आत घालायला सांगितलं कुणी होतं?" सासूबाईंनी डोक्याला पदर लावला आणि दळणाची पिशवी उचलून आत नेली. टाके सुनेनेच काढले, ती शिकलेली नर्स होती.

नर्स होती म्हणजे लग्नाआधी होती. लग्नानंतर चार वर्षं ती फक्त फोरमनच्या डोळ्यांत थेंब घालत होती, आणि त्याबद्दल तिला पदवी मिळाली होती "सिस्टरबाई". "सिस्टरबाई, वरणात मीठ किती एमएल घातलंत?" असं फोरमन विचारायचे आणि स्वतःच हसायचे. धाकटाही थोडं हसायचा. न हसून कसं चालेल?

त्या महिन्यात मात्र तिला खरोखरीची नोकरी लागली. तीस किलोमीटरवर एक नवीन दवाखाना उघडला होता, वीस खाटांचा. मुलाखतीत मेट्रनने तिला सलाईनची सुई लावून दाखवायला सांगितली. चार वर्षांनी हातात सुई घेतली, तरी पहिल्याच झटक्यात शीर सापडली. सोमवारी सकाळी साडेसहाला हजर व्हायचं होतं. पहिली बस आठची. म्हणजे गाडी मिळाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा थेंब आणि वरणातलं मीठ. गाडी ती उत्तम चालवायची. फोरमनना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच नेत होती, आणि वाटेत "क्लच जाळलास, क्लच जाळलास" ऐकत होती.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"बाबा, सोमवारपासून सकाळी गाडी नेऊ का?"

फोरमन सावकाश घास चावत राहिले. मग म्हणाले, "ने की."

ती बघतच राहिली.

"पण फुकट नाही. रविवारी डिकीचे शॉकर बसव. स्वतःच्या हाताने. बाहेरच्या कुणी बोट लावलेलं मला चालायचं नाही. जो शॉकर बसवील, त्याची गाडी. चौघांच्या देखत सांगतोय, माझा शब्द आहे."

सासूबाईंचा वाढता हात जरासा थांबला आणि पुन्हा वाढायला लागला. धाकटा ताटात बघत होता. सुनेला वाटलं, दोघंही बिचारी तिच्या काळजीने गप्प आहेत.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "तुला काय वाटतं, देतील?" खोलीत ती त्याला अरेतुरे करायची, बाहेर चारचौघांत अहो-जाहो.

"शब्द दिलाय म्हटल्यावर..." धाकटा म्हणाला आणि कूस बदलली. "तू कर की. तुला जमेल."

तुला जमेल! एवढ्याशा शब्दांवर ती तीन दिवस हवेत होती. तहानलेल्याला ओंजळभर पाणीही पुरतं, त्याला कोण काय करणार.

शुक्रवारी ती स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. फोरमननी सांगून ठेवलं होतं, "साध्या गाडीचे माग, उगाच शहाणपणा नको." पण ही बाई औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचल्याशिवाय सिरिंज न भरणारी. तिने निघण्यापूर्वी जुन्या नळीवरची घाण ओल्या फडक्याने पुसली आणि खालचा आकडा लिहून घेतला. दुकानदाराने आकडा पाहिला आणि विचारलं, "झाकणाला मागे पंख लावलाय का हो, शोभेचा?"

"लावलाय. दिरांनी लावला होता, हौसेने."

"मग साधे चालणार नाहीत, ताई. पंखाने झाकण जड होतं. साधे घातले तर अर्ध्यावर लटकेल आणि तुम्हाला वाटेल बसवण्यातच चुकलं." त्याने दुसरी जोडी काढली. शिवाय बसवायचं कसं तेही सांगितलं: जाड नळी वर झाकणाकडे, बारीक दांडी खाली बॉडीकडे, म्हणजे आतलं तेल टोकाच्या रबरी सिलावर राहतं आणि गॅस गळत नाही. टोकाची क्लिप छोट्या स्क्रूड्रायव्हरने नुसती उचलायची, उपटायची नाही. आणि एका वेळी एकच बाजू. तिने सगळं पावतीमागे लिहिलं.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. फोरमन एकतीस वर्षं गाड्यांत मेले, त्यांना पंखाचं वजन माहीत नसेल? मग तिने तो विचार झटकला. म्हातारं माणूस, विसरले असतील. सरळ माणसाची हीच खोड, दुसऱ्याच्या वाकडेपणालाही तो स्वतःहून सबब शोधून देतो.

रविवारी दुपारी तीनला गाडी अंगणात आणली. फोरमननी खुर्ची मागवली, ती गाडीच्या मागे बरोबर चार हातांवर ठेवून घेतली आणि नाटकाला बसावं तसे बसले. सासूबाई पायरीवर भाजी निवडत होत्या. सुनेने झाडूचा दांडा आणला तर फोरमनना आवाजावरून कळलं.

"काठी नको. काठीने रंग जातो. माणूस उभा कर."

"अहो बाबा, पण..."

"डेपोत आम्ही माणूसच उभा करायचो. ज्याची चूक, तो टेकू. तासतास उभे असायचे लेकाचे." त्या आठवणीने त्यांना बरं वाटलं. "धाकट्या, धर झाकण."

धाकट्याने दोन्ही हात वर करून झाकण धरलं. सून डिकीत वाकली. डाव्या शॉकरच्या वरच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर घातला. क्लिप गंजलेली होती, हलेना.

"काय करतेय?" फोरमननी विचारलं.

"क्लिप काढतेय."

"क्लिप काढायला दहा मिनिटं? पेशंट मरेल तुझा तोवर." मग जरा थांबून, "दोन्ही बाजू एकदम सोडव. म्हणजे काम झटपट होईल."

ती "हो बाबा" म्हणाली आणि डावीकडेच लागली. क्लिप उचलली, नळी ओढली, टक् करून सुटली. मग खालचं टोक. शॉकर ज्यांवर बसतो त्या गोल खिळ्यांवरचा गंज तिने जुन्या टूथब्रशने घासला, ग्रीसचं बोट फिरवलं. नवा शॉकर उचलला. तेवढ्यात धाकट्याच्या खिशात फोन वाजला.

आता फोन वाजला तर वाजू द्यावा. पण धाकट्याने असं दचकून खिशाकडे हात नेला, जणू खिशात विंचूच होता. एका हाताने त्याने फोन कापला, आणि दुसऱ्या एकट्या हाताला ते झाकण पेललं नाही.

पंखाची कड तिच्या डाव्या मनगटावर आली. मनगट खाली बॉडीच्या कडेवर होतं. धाकटा "अगं अगं अगं" करत झाकण उचलू लागला. सासूबाई अर्धवट उठल्या. आणि फोरमन हसले. अगदी पोटातून, खुर्ची करकरेपर्यंत.

"घ्या! डिकीने पण सिस्टरबाईंची नाडी बघितली!"

ती बाजूला झाली. पांढरीफटक पडली होती, पण नर्स ती नर्सच, एकेक बोट हलवून पाहिलं, अंगठा फिरवला. हाड शाबूत होतं. मनगट मात्र डोळ्यांदेखत टम्म फुगायला लागलं.

"बर्फ आणते," सासूबाई म्हणाल्या.

"बर्फ कुठे पळून जातोय? काम आधी. जमत नसेल तर सांगा म्हणावं, शर्त मोडली असं समजू."

"जमतंय," सून म्हणाली.

"कुणाचा फोन होता?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"काही नाही, कंपनीवाल्यांचा," धाकटा म्हणाला. घाम त्याला फुटला होता. ती म्हणाली, "असू दे, तुमचा काय दोष."

उजव्या हाताने आणि दातांनी, हो, दातांनीही, तिने काम पुढे नेलं. कामासाठी आणलेला रबरी हातमोजा दातात धरून मनगटावर करकचून बांधला. डावा शॉकर खालच्या खिळ्यावर दाबला, टक्. वरचं टोक बसेना. नवा शॉकर पूर्ण ताठ असतो, त्याला झाकण आणखी दोन बोटं वर लागतं. "अजून वर घ्या हो," ती म्हणाली, आणि धाकटा टाचा उंचावून उभा राहिला. तळहाताने ठोसा दिला. टक्.

"बसला? आता उजवा. आणि ऐक, दांडी वर, नळी खाली. उलटं केलंस तर महिन्यात गळेल."

तिचा हात थांबला. पावतीमागे बरोबर याच्या उलट लिहिलं होतं. आता मात्र तिला सबब सुचेना. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाकडे तिने नीट पाहिलं. चेहरा आभाळाकडे, ओठांच्या कोपऱ्यात मजा. म्हातारा विसरला बिसरला नव्हता. तिची नोकरी बुडावी म्हणून तो भर उन्हात खुर्ची टाकून बसला होता. तिला असा राग आला की क्षणभर मनगट दुखायचं थांबलं.

"हो बाबा, दांडी वर," ती म्हणाली, आणि नळी वर, दांडी खाली अशी बसवली.

"झालं. सोडा आता."

धाकट्याने भीत भीत हात काढले. झाकण जिथल्या तिथे. तिने ते खाली ओढून बंद केलं, कळ दाबली, आणि झाकण आपलं आपण, अगदी सावकाश, वर गेलं आणि उभं राहिलं. तिने पुन्हा बंद केलं. पुन्हा उघडलं. पाच वेळा केलं. लहान मुलीसारखी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दुखण्याचं की आनंदाचं हे तिलाच सांगता आलं नसतं.

फोरमन उठले. चाचपडत डिकीपाशी आले. एक हात झाकणाला लावून कापरी बोटं त्यांनी शॉकरवरून वरून खाली नेली. जाड नळी. मग बारीक दांडी. बोटं तिथे थबकली. सुनेला वाटलं, आता बिंग फुटणार.

"हं," फोरमन म्हणाले. "जमलं म्हणायचं."

चार वर्षांत पहिल्यांदा! त्या तीन शब्दांनी ती इतकी विरघळली, की म्हाताऱ्याबद्दल मघाशी मनात आलेल्या रागाची तिला लाज वाटली. तिने बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं. मग एका हाताने गाडी धुतली. इस्त्री केलेले दोन युनिफॉर्म, पांढरे बूट, सर्टिफिकेटांची फाइल आणि टॉवेल असं बॅगेत भरलं आणि बॅग नेऊन डिकीत ठेवली. सोमवारी पहाटे गडबड नको. ठेवल्यावर उगाचच आणखी एकदा उघडून पाहिली.

पाच वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. एक जाडसर गृहस्थ आणि त्यांची बायको उतरली. गृहस्थांचं चपलांचं दुकान होतं, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. बाईंच्या हातात पेढ्यांचा असावा असा एक पुडा आणि फुलांची छोटी माळ होती. सुनेला वाटलं, फोरमनचे कुणी ओळखीचे असतील. ती "या, बसा" म्हणून पाणी आणायला वळली.

"पाणी नंतर हो," दुकानदार म्हणाले आणि थेट गाडीच्या मागे गेले. "आधी डिकी बघू द्या. तेवढीच तर अडचण होती." त्यांनी कळ दाबली. झाकण वर गेलं. "वा! मंगळवारी व्यवहार ठरला तेव्हा हिला म्हटलं होतं, डिकी उभी राहत नाही तोवर गाडी नेणार नाही. तुम्ही म्हणालात रविवारपर्यंत करून देतो. शब्दाचे पक्के हो!"

हे शेवटचं ते धाकट्याला म्हणाले. वर पुन्हा, "मघाशी निघालो म्हणून सांगायला फोन केला, तर तुम्ही कापलात."

सून पायरीपाशी तशीच उभी राहिली.

मंगळवार. बुधवारी तिने दवाखान्यात रुजू होण्याच्या पत्रावर सही केली तेव्हा नवरा तिच्या शेजारी उभा होता. गुरुवारी "तुला जमेल" म्हणाला होता. आज तासभर दोन्ही हात वर करून झाकण धरून उभा होता.

"काम कुणी केलं हो?" दुकानदारांनी विचारलं. "हात चांगला आहे."

"घरचंच माणूस," फोरमन खुर्चीतून म्हणाले. "आमच्याकडे परक्याचा हात लागत नाही." मग तिच्या दिशेने मान वळवून, "सिस्टरबाई, शब्द दिला होता खरा. पण गाडी माझी असेल तरच देणार ना? मंगळवारपासून ती माझी नव्हतीच. नसतं जमलं तर शर्तीवर अडवलं असतं, जमलं तर गाडी विकलेली. आता बसा घरी. पहाटे उठून गाव भटकायची हौस होती नाही का? थेंबाची वेळ झाली, बाटली आणा."

सासूबाईंनी भाजीच्या सुपावरून मान वर केली नाही. तेव्हा तिला कळलं की त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. रिक्षातून आलेल्या चपलांच्या दुकानदारालाही माहीत होतं, एक ती सोडून.

ती धाकट्याकडे गेली. "तुला मंगळवारपासून माहीत होतं?"

चारचौघांत, सासऱ्यांच्या देखत, पहिल्यांदाच ती त्याला तू म्हणाली.

"अगं, बाबांनी बजावलं होतं..." धाकटा पुटपुटला. "आणि तू इतकी खुशीत होतीस. मला बोलवेना."

"हात चेंगरला तेव्हाही बोलवेना?"

धाकटा बुटाच्या टोकाने जमीन उकरत राहिला. तिला वाटलं होतं राग येईल. राग म्हाताऱ्याचा आला होता, तो येऊनही गेला. या माणसाचा तर रागही येईना. त्याच्याकडे बघून तिला नुसती किळस आली, आणि किळस आली म्हणून तिला रडू आलं.

"ही बॅग राहिलीये वाटतं तुमची," डिकीपाशी दुकानदारीणबाई म्हणाल्या. "काढून घेता का?"

सुनेने डोळे पुसले. "तुम्ही कुठल्या बाजूला जाणार?"

बाईंनी गावाचं नाव सांगितलं. दवाखाना त्याच रस्त्यावर, अलीकडे चार किलोमीटर.

"मग बॅग राहू द्या तिथेच," ती म्हणाली. "मला वाटेत सोडाल?"

तिने तिथेच उभ्या उभ्या मेट्रनला फोन लावला. नर्सांच्या खोलीत खाट मिळेल का, असं विचारलं. मेट्रन म्हणाली, एक आहे, खिडकीशी, पण पंखा आवाज करतो. चालेल, असं ती म्हणाली.

दुकानदारीणबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या बँडेजकडे, आणि मग अंगणातल्या तिघांकडे पाहिलं. आणलेली माळ गाडीला घालायची त्या विसरूनच गेल्या. "बसा, ताई," एवढंच म्हणाल्या आणि मागचं दार उघडलं. दुकानदारांनी डिकी बंद केली.

"बाटली आणली का?" फोरमननी विचारलं. मान मागे टाकून, दोन्ही डोळे वर करून ते तयार बसले होते. "अरे, कोण बसलं गाडीत? धाकट्या? दार कुणाचं वाजलं?"

सासूबाई निवडलेली भाजी पुन्हा निवडत होत्या.

गाडी सुरू झाली तेव्हा धाकटा धावत खिडकीशी आला. काचेवर हात ठेवला. चेहरा रडवेला झाला होता, आणि खरोखरच झाला होता, ढोंग नव्हतं.

"अगं, असं काय करतेस? परत कधी येशील?"

"तीस किलोमीटर आहे," ती म्हणाली. "गाडी नाही ना घरात. कशी येणार?"

आणि तिने उजव्या हाताने काच वर केली.